तीन नंबरच्या टेबलावरची चिठ्ठी

श्री. मोरेश्वर विजयकर, म्हणजे आपले भाऊ, यांच्याशी माझी पहिली ओळख भांडणातून झाली आणि त्या भांडणात मी सपशेल हरले. फोर्टातल्या आपल्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात, घड्याळाच्या मनोऱ्याखालच्या त्या उंच दालनात, मी आयुष्यात पहिल्यांदाच पाऊल ठेवलं होतं. एम. ए.ला नुकतंच नाव घातलं होतं. परळहून ट्रामनं आलेली, अंगावर इस्त्रीचं पातळ आणि हातात नवंकोरं शाईचं पेन. गोल जिना चढून वर गेले, विद्यापीठाच्या जुन्या कॅलेंडरांचे खंड मागून घेतले, टेबलाशी बसले आणि पेनाचं टोपण काढलं. तोच मागून आवाज आला की शाईचं पेन या टेबलावर चालत नाही. वळून पाहिलं तर पांढरी पाटलोण, बंद गळ्याचा काळा कोट आणि पुढे केलेला हात. त्या हातात बोटभर लांबीची पेन्सिल होती.

मी गिरणगावातली. गप्प बसायची सवय आमच्या घरात कोणालाच नव्हती. मी विचारलं, “मग परीक्षाही पेन्सिलीनंच घेता वाटतं?”

“परीक्षा घेणारे खाली बसतात,” भाऊ म्हणाले. “इथं फक्त वाचायचं.”

माझं पेन त्यांनी ड्रॉवरमध्ये ठेवलं आणि त्याची मला पावती दिली. संध्याकाळी ती पावती परत घेतली, तपासली आणि मगच पेन हाती दिलं. पेनाची पावती! मी रागानं जिना उतरले तो अर्ध्या जिन्यात हसू आलं. ती पेन्सिल मात्र परत करायची राहून गेली. ती अजून माझ्यापाशी आहे, आणि भाऊंना हे ठाऊक आहे, कारण त्यांनी तिची नोंद केलेली असणारच.

भाऊंच्या पंच्याहत्तरीच्या या ग्रंथासाठी लिहा म्हणून संपादक मंडळाचं पत्र आलं, तेव्हा त्यांनी लेखाचा क्रमही कळवला: आधी कार्य, मग मूल्यं, मग व्यक्तिगत आठवणी. संपादकांनी माफ करावं, मला हे वेगवेगळं काढता येत नाही. भाऊंचं कार्य म्हणजे पुस्तकं वाचकाच्या हाती देणं आणि परत जागेवर ठेवणं. यात मूल्य कुठे सुरू होतं ते मला पंचवीस-तीस वर्षं प्राध्यापकी करूनही सांगता यायचं नाही. मी एका चिठ्ठीची गोष्ट सांगते. बाकीचे लेखक मोठमोठे आहेत, ते उरलेलं सांगतील.

आज विद्यापीठाचा बहुतेक संसार उपनगरातल्या नव्या आवारात हलला आहे. तिथं जागा ऐसपैस आहे, मुलांची सोय झाली, हे मी नाकारत नाही. पण माझ्या विद्यार्थ्यांपैकी कित्येकांनी फोर्टातला तो गोल जिना पाहिलेलाही नाही, हे ऐकलं की मला आतून काहीतरी तुटल्यासारखं होतं. समोर ओव्हलचं मैदान, आवारात माडांसारखी उंच झाडं, पलीकडे पदवीदानाचं सभागृह. आमच्या दालनाच्या खिडक्यांना रंगीत काचा होत्या. दुपार कलली की ऊन त्या काचांतून आत यायचं आणि चारच्या सुमारास तीन नंबरच्या टेबलावर तांबड्या रंगाचा एक तुकडा येऊन पडायचा. गंमत अशी की सगळी मुंबई ज्या घड्याळावर आपली घड्याळं लावायची, ते आमच्या डोक्यावर होतं आणि आम्हांला दिसायचं नाही. ठोके तेवढे ऐकू यायचे. भाऊ ठोके मोजायचे नाहीत. तांबडा तुकडा टेबलाच्या कडेला पोचला की ते परत आलेली पुस्तकं लावायला उठायचे.

ते तीन नंबरचं टेबल माझं होतं. माझ्या प्रबंधाचा विषय होता, विद्यापीठाच्या पहिल्या पंचवीस वर्षांत इथं शिकलेली मुलं आली कुठून. अठराशे सत्तावन्नच्या त्या धामधुमीत हे विद्यापीठ निघालं. त्याची कॅलेंडरं म्हणजे दर वर्षाचा एकेक जाड खंड असे, त्यात नियम, अभ्यासक्रम आणि परीक्षेत उतरलेल्यांची नावं. सुरुवातीच्या वर्षांची यादी अर्ध्या पानात संपायची. एवढ्या थोड्या मुलांसाठी कुणीतरी एवढं मोठं दालन बांधलं, याचं मला फार नवल वाटायचं.

एकदा भाऊंनी सहज विचारलं, तुमच्या घरचं कुणी यात सापडलं का. माझं नाक लगेच वर. मी म्हटलं, “आमच्या घरचं कोण असणार? माझे पणजोबा कोकणातून आले ते या मनोऱ्याचे दगड वाहायला, असं आजी सांगते.” भाऊ थोडा वेळ खंडाची पानं चाळत राहिले. मग एका नावावर बोट ठेवून म्हणाले, “हे माझे आजोबा. म्हणजे तुमचे पणजोबा इथं आमच्याआधी आले.” हे बोलताना त्यांच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. गिरगावातलं त्यांचं घराणं जुनं, पिढ्यान्‌पिढ्या मुंबईत कारकुनी आणि घरंदारं असलेलं. तसल्या घरातल्या माणसानं मला हे सांगावं, याचं अप्रूप मला घरी जाईपर्यंत पुरलं.

आता चिठ्ठीबद्दल. आमच्या ग्रंथालयाची एक पद्धत होती. जुने खंड घरी न्यायला मिळत नसत. वाचन अपुरं राहिलं तर ते टेबलावरच ठेवायचे आणि वर एक चिठ्ठी लावायची: वाचकाचं नाव, तारीख, आणि ‘राखून ठेवावे’. चिठ्ठी कामाचे तीन दिवस चालायची. तिसऱ्या दिवशी वाचकानं येऊन ती बदलली नाही तर चौथ्या दिवशी खंड कपाटात जायचे, आणि ज्याला हवे त्याला मिळायचे. यात भाऊ कुणाची गय करत नसत. एक नामांकित वकील एका दिवसानं चुकले, तर त्यांनाही पुन्हा मागणीपत्र भरायला लावलं होतं.

ते दिवस संयुक्त महाराष्ट्राचे होते. आमच्या लालबाग-परळात दुसरा विषय नव्हता. माझे बाबा गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर होते, पाळी सुटली की थेट सभेला. चाळीच्या गॅलरीत पोरंसुद्धा घोषणा देत जेवायची. आणि फोर्टात आलं की हे दालन असं शांत, की जसं काही घडतच नाहीये. मला ते सहन होईना. एके दिवशी मी भाऊंसमोर उभी राहिले आणि विचारलं, मुंबई कोणाची, तुमचं मत काय ते सांगा. भाऊंनी भिंतीवरच्या पाटीकडे बोट दाखवलं. पाटीवर लिहिलं होतं, शांतता राखा.

मी मनात म्हटलं, झालं. जुनी मुंबईकर मंडळी, घरंदारं सांभाळून बसलेली, यांना काय पडलंय. भित्रे आहेत असंही म्हटलं. मनातच म्हटलं, पण चेहऱ्यावर दिसलंच असेल, माझा चेहरा काही झाकत नाही. त्यानंतर मी त्यांच्याशी कामापुरतंच बोलायला लागले.

मग नोव्हेंबरात फाउंटनला गोळीबार झाला आणि जानेवारीत साऱ्या मुंबईत. विद्यापीठापासून फाउंटन किती जवळ! आमच्या आळीतली माणसं घरी आली नाहीत. बाबा सत्याग्रहात पकडले गेले. सुटून आले ते छातीचं दुखणं घेऊनच, साच्यावर उभं राहण्याची ताकद उरली नाही. घरात आई आणि धाकटे दोघे. मला शिवडीला, गोदीजवळच्या एका प्राथमिक शाळेत जागा मिळाली. सकाळी शाळा, दुपारी तिथंच शिकवण्या. आधी वाटलं आठवडाभराचा प्रश्न आहे. मग महिना गेला. मग मी हिशेब सोडूनच दिला आणि प्रबंधाच्या वह्या ट्रंकेत तळाला घातल्या. भाऊंना एका ओळीनंही कळवलं नाही. कुठल्या तोंडानं कळवणार? आणि कळवून काय होणार होतं? तीन दिवसांचा नियम मला पाठ होता.

त्या महिन्यांत मला सगळ्यात जास्त आठवण कशाची यायची सांगू? प्रबंधाची नाही. पुढच्या नोकरीचीही नाही. चार वाजता टेबलावर येणाऱ्या त्या तांबड्या तुकड्याची. शिवडीच्या शाळेत खिडकीतून गोदामांचे पत्रे दिसायचे. चार वाजले की मी मुलांना पाढे म्हणायला सांगायची आणि मनानं फोर्टात जाऊन बसायची. आता माझ्या खुर्चीवर दुसरं कुणी बसलं असेल, खंड कपाटात गेले असतील, असं स्वतःला बजावायची. तरी जायचीच.

सात-आठ महिन्यांनी घरी एक कार्ड आलं. विद्यापीठाचा शिक्का, छापील इंग्रजी मजकूर: आपण राखून ठेवलेले खंड टेबलावर आहेत, कृपया येऊन पाहावेत. खाली भाऊंची सही. मी म्हटलं, जुनं कार्ड चुकून टपालात गेलं असणार. बाबांनी ते उलटसुलट करून पाहिलं. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, शिक्का तेवढा ओळखीचा होता, माझ्या प्रवेशाच्या कागदावरचा.

“तुका बोलावणा इला हा गो,” ते म्हणाले. “जा.”

मी सांगितलं की घर कोण बघणार, शिकवण्या कोण घेणार.  दुसऱ्या दिवशी सकाळी उठून, खोकत खोकत, ते गिरणीच्या दारात बसकं काम मागायला गेले. मिळवून आले. मग माझ्यापाशी कारण उरलं नाही.

मी जिना चढून वर गेले. दालन तसंच होतं. तीन नंबरच्या टेबलावर माझे चारही खंड होते, मी सोडले त्याच क्रमानं, माझी कागदाची खूण अजून आत. वर ताजी चिठ्ठी: कु. के. आर. सावंत. राखून ठेवावे. अक्षर भाऊंचं. शेजारी सुतळीनं बांधलेला जुन्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा, कारण बाद झालेल्या चिठ्ठ्या वर्षअखेरपर्यंत जपायच्या असाही नियम होता. दर तिसऱ्या दिवसाची एकेक चिठ्ठी. सगळ्यांवर तेच अक्षर. मी उभ्याउभ्या एकेक पाहत गेले आणि पहिल्या काही चिठ्ठ्यांतच थबकले. एका चिठ्ठीवर तारीख होती ती कडकडीत हरताळाच्या दिवसाची. त्या दिवशी ट्राम नाही, बस नाही, दुकानं बंद, रस्त्यावर पोलीस. आमच्या चाळीतून कुणी खाली उतरलं नव्हतं.

मी भाऊंना विचारलं, ही तारीख चुकली का. भाऊंना तारीख चुकली म्हटलेलं आवडलं नाही.

“चुकली नाही. त्या दिवशी तुमचा तिसरा दिवस होता.”

“पण सगळं बंद होतं ना?”

“बंद होतं. पण सुट्टीचं परिपत्रक निघालं नव्हतं,” भाऊ म्हणाले. “म्हणजे तो दिवस कामाचा धरायला हवा. चिठ्ठी बाद झाली असती.”

म्हणजे त्या दिवशी हे गृहस्थ गिरगावातून बंद मुंबईतून चालत आले होते. धोबीतलावला पोलिसांनी अडवलं, घटकाभर बसवून ठेवलं. कुठे चाललात विचारलं तर म्हणाले, कामावर. सोडल्यावर परत घरी गेले नाहीत, पुढेच आले. पहारेकऱ्याकडून दार उघडून घेतलं, जिना चढले, चिठ्ठी बदलली आणि आले तसे गेले. आणि का, तर परिपत्रक नव्हतं म्हणून. अख्ख्या मुंबईत ही चूक दुसऱ्या कुणी केली नसती. हसावं की रडावं कळेना. मी रडले. भाऊंनी पुन्हा त्या पाटीकडे बोट दाखवलं आणि माझ्यासमोर एक टोक केलेली पेन्सिल ठेवली.

दुसऱ्याच्या नावाची चिठ्ठी भाऊंनी आपल्या हातानं बदलली, हाच मुळात नियमभंग होता, हे माझ्या डोक्यात त्या दिवशी आलंच नाही. मी कामाला लागले. प्रबंध झाला, पदवी मिळाली. पदवीदानाला बाबा आले होते, उसना कोट घालून. समारंभानंतर ते माझ्याबरोबर बाहेर आले, मनोऱ्याखाली थांबले आणि भिंतीच्या एका दगडावर त्यांनी तळहात ठेवला. बराच वेळ ठेवला. भाऊ आमच्यासोबत होते. लोक येत-जात होते, पाहत होते. भाऊ मात्र, जणू हेही त्यांच्या कामाच्या वेळात बसतं अशा थाटात, तिथंच बाबांच्या बाजूला उभे राहिले. बाबांनी हात काढल्यावर मग चहाला चला म्हणाले.

पुढे मी दादरच्या महाविद्यालयात शिकवू लागले, तरी सुट्टीच्या दिवसांत त्या टेबलाशी जात राहिले. भाऊंच्या मागून आलेली माणसं त्यांच्यावरच्या जागांवर गेली, भाऊ मात्र वर्षानुवर्षं दालनातच. मी चेष्टाही करायची, भाऊ, तुम्हांला वर जायचं नाही का? त्यावर ते म्हणायचे, “वर कबुतरं आहेत.” आम्ही दोघंही हसायचो. आता ते हसू आठवलं की मला माझीच लाज वाटते.

या लेखासाठी म्हणून गेल्या महिन्यात मी त्यांच्या गिरगावच्या घरी गेले होते. भाऊ आतल्या खोलीत पडले होते. वहिनींनी कपाटातून एक पिवळा पडलेला कागद काढून दिला आणि म्हणाल्या, “हे यांनी तुला कधी दाखवायचं नाही म्हणून सांगितलं होतं. पण आता मी म्हातारी झाले, माझ्या लक्षात राहत नाही काय दाखवायचं नि काय नाही.” वहिनींच्या सगळं अगदी पक्कं लक्षात असतं.

ती एका मेमोची प्रत होती. त्या साली विद्यापीठाची शताब्दी तोंडावर आली होती आणि शताब्दीनिमित्त लेखन करणाऱ्या एका विद्वानांना नेमके तेच चार खंड काही महिने घरी हवे होते. भाऊंनी त्यांना सांगितलं की वाचकाची चिठ्ठी आहे, आपण टेबलाशी बसून खुशाल पाहा, पण खंड हलणार नाहीत. तक्रार झाली. चौकशीत निघालं की वाचक कित्येक महिने फिरकलेली नाही आणि चिठ्ठ्या स्वतः विजयकर बदलतात. कार्यालयाचं काही चुकलं नव्हतं, नियम भाऊंनीच मोडला होता. त्यांना खुलासा विचारला आणि त्यांची बढती थांबली. नंतर ती बरीच वर्षं थांबलेलीच राहिली.

मेमोच्या पाठीमागे भाऊंनी आपल्या खुलाशाचा मसुदा लिहिला होता, पेन्सिलीनं. तिथं चळवळीचा उल्लेख नाही, माझ्या बाबांचा नाही, गिरणगावाचा नाही. मुंबई कोणाची या माझ्या प्रश्नाचं उत्तर त्यांनी कधी दिलं नाही अशी माझी तीस वर्षं समजूत होती. खुलासा एका ओळीचा होता: “वाचक येणार आहेत.”

मी कागद घेऊन आत गेले. भाऊंना आता नीट दिसत नाही. गुडघे गेले आहेत, घराचे दोन जिने उतरणंही होत नाही. कागदाचं नुसतं खसखसणं ऐकून त्यांनी ओळखलं आणि वहिनींवर थोडे रागावले. मी म्हटलं, भाऊ, मी तुम्हांला भित्रे म्हटलं होतं, मनात. ते म्हणाले, ठाऊक आहे. मग बराच वेळ आम्ही काही बोललो नाही. घरात पाटी नव्हती तरी.

निघताना मी विचारलं, पंच्याहत्तरीला काय हवंय. शाल-श्रीफळाला ते भितात. म्हणाले, “एकदा चार वाजता तिथं बसायचं होतं. पण तो जिना आता व्हायचा नाही.”

भाऊंनी काहीतरी हवं असल्याचं मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं.

दुसऱ्याच दिवशी मी फोर्टात गेले. ग्रंथालयातल्या आताच्या मंडळींना सगळं सांगितलं. चार धडधाकट माणसं आणि एक भक्कम खुर्ची असली की जिना होतो, असं त्यांचं मत पडलं. माझे विद्यार्थी तयार आहेत. डॉक्टर म्हणतात, थोडी ताकद येऊ द्या, मग बघू. तोवर मी एक काम केलं. कपाटातून तेच चार खंड मागून घेतले, तीन नंबरच्या टेबलावर ठेवले आणि बोटभर पेन्सिलीनं चिठ्ठी लिहिली: श्री. मो. वि. विजयकर. राखून ठेवावे.

भाऊ, अशा ग्रंथात लेखाच्या शेवटी शंभर वर्षांचं आयुष्य मागायची रीत आहे. तुम्ही नियमाची माणसं, मी तुमच्यासाठी एकदम एवढं कसं मागू? तीन दिवस मागते. मग आणखी तीन. आपली प्रकृती सुधारावी, दृष्टीला तांबडा रंग दिसण्याइतका उजेड राहावा, आणि वहिनींचा आपल्याला कायम धाक असावा. हे लिहिते आहे तोवर मी चिठ्ठी चार वेळा बदलली आहे. मागच्या खेपेला तिथला नवा साहाय्यक मला म्हणाला की मॅडम, नियमाप्रमाणे वाचकानं स्वतः यायला हवं, हे वाचक आहेत कुठे?

मी त्याला सांगितलं, वाचक येणार आहेत.